माया ठेवणे

त्या रविवारी मी बाबांकडे पोचले तेव्हा ते संत्र्याच्या साली कापत बसले होते. कापड बेतायचं जुनं लांब टेबल, त्यावर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर सालींचा ढीग आणि गळ्यात टेप. शिवणकाम बंद करून सहा वर्षं झाली होती, तरी सकाळी अंघोळ झाली की टेप गळ्यात जायचीच. चष्मा विसरायचे, टेप नाही.

"आलीस का बटण?" मान वर न करता त्यांनी विचारलं. "चपला बाहेरच काढ. खाली चिकट झालंय."

बटण म्हणजे मी. वय वर्षं सेहेचाळीस. दीड वर्षाची असताना मी दुकानातलं एक बटण गिळलं होतं. आई-बाबांनी दोन दिवस वाट पाहिली. बटण परत मिळाल्यावर बाबांनी ते धुतलं, उकळलं आणि ज्या कोटाचं होतं त्याच कोटाला लावून टाकलं. त्या रंगाचं दुसरं मिळत नव्हतं. कोटवाल्याला अर्थात काही सांगितलं नाही. पुढे कित्येक वर्षं तो माणूस रस्त्यात दिसला की बाबा मला कोपरानं ढोसायचे, "बघ, तुझं बटण चाललंय."

"बाबा, कापडाची कात्री सालींना?"

"वेडी आहेस का! ती वर आहे, डब्यात. ही तुझ्या आईची भाजीची. कापडाची कात्री सालीला लावली तर घर सोडून जाईल ती."

त्यांचे हात थरथरायचे. म्हणूनच शिवण सुटली होती. पण मनगट टेबलाच्या कडेला टेकवून ते कात्री चालवत होते आणि पडणारी प्रत्येक पट्टी अर्ध्या बोटाची, एकसारखी. साखरेत शिजवून वाळवलेल्या त्या सालींना ते पट्ट्याच म्हणायचे. खायची असो की शिवायची, एवढ्या रुंदीची कुठलीही वस्तू त्यांच्या लेखी पट्टीच.

हे सगळं सुरू झालं समोरच्या रसवाल्यामुळे. दुकान बंद करताना तो दिवसभराच्या सालींची टोपली गल्लीच्या तोंडाशी उपडी करायचा. माश्या यायच्या. बाबा एकदा भांडायला म्हणून गेले आणि टोपली घेऊन परत आले. आयुष्यभर त्यांनी कापडाची कतरण फेकली नव्हती. उशा, तक्के, गरम भांडी उचलायची फडकी, सगळं कतरणीचं. "अर्धा माल फेकतो हा माणूस," ते मला फोनवर म्हणाले होते. "वरचं अर्धं! आणि वास बघ गं त्याचा."

आई जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. त्या सव्वा वर्षात त्यांच्या तोंडून फोनवर हो, नाही, बरं आणि ठेवतो, या चार शब्दांपलीकडे मी काही ऐकलं नव्हतं. "वास बघ गं" हे पाचवं वाक्य. मी फोन कानाला घट्ट धरून उभी राहिले.

कृती त्यांना खुंटीवर सापडली होती. शिंप्यांच्या दुकानात वर्तमानपत्रातून कापलेले कागदी बेत असतात, बाहीचा, कॉलरचा, पाठीचा, खिळ्याला टोचून ठेवलेले. त्यातल्याच एका बाहीच्या पाठीमागे ही कृती छापलेली होती. फक्त तिची तिसरी ओळ खांद्याला जोडायच्या मुंढ्याच्या गोलाईत गेली होती. "साली पाण्यात उकळून ते पाणी" इथे कात्री वळलेली, आणि पुढची ओळ थेट "साखर घालून मंद आचेवर". त्या पाण्याचं काय करायचं, हे कुण्या जुन्या गिऱ्हाइकाच्या काखेत कायमचं गेलं. बाबांनी गाळलेली जागा स्वतःच्या स्वभावानं भरली. पाणी ठेवलं आणि त्यातच साखर घातली. पाणी तरी का फेकायचं?

त्यातून जे झालं ते विषासारखं कडू होतं. पहिली बरणी त्यांनी माझ्याकडे येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली आणि तो माणूस दारातून वळायच्या आत फोन आला.

"खाल्लीस?"

"खाते आहे."

"मग?"

तोंडात ती पट्टी होती. जीभ आत ओढली गेली होती. आणि फोनच्या त्या टोकाला माझा बाप, सव्वा वर्षानंतर, श्वास रोखून उभा होता.

"छान झालंय," मी म्हटलं. ते फारच तोंडदेखलं वाटेल म्हणून पुढे जोडलं, "थोडं कडू आहे, पण मला तेच आवडलं."

पाच वर्षं झाली त्या वाक्याला.

मी मुद्रितशोधक आहे. एका प्रकाशनसंस्थेत दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते. आमच्याकडे एक पद्धत आहे: चूक नक्की असेल तर सरळ दुरुस्त करायची, आणि शंका असेल तर समासात प्रश्नचिन्ह करून लेखकाला विचारायचं. पहिल्या छपाईत सुटलेली चूक दुसऱ्या छपाईत जास्त बोचते आणि पाचव्या आवृत्तीत ती दुरुस्त करायला कुणी धजावत नाही, कारण मग इतकी वर्षं काय झोपला होता, असं विचारतात. माझ्या "छान"चं तेच झालं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बसनं दोन तासांवर बाबांकडे जायचे, एक बरणी घेऊन यायचे. सुरुवातीच्या बरण्या मी कचऱ्यात रिकाम्या केल्या. नंतर काही कचेरीत नेऊन ठेवल्या. लोक एक तुकडा उचलायचे आणि मग त्या टेबलाकडे फिरकायचे नाहीत. फेकायचं नाही म्हणून बाप साली जमवत होता आणि लेक त्या फेकत होती, हे एकदा स्वतःशी नीट शब्दांत म्हटल्यावर फेकणंही जमेना. शेवटच्या अकरा बरण्या माझ्या स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात तशाच होत्या. साखरेतली वस्तू, खराब होत नाही. तीच तर पंचाईत.

त्या रविवारी जेवणं झाली. मी भांडी घासली. बाबांनी बरणी पुढे केली, झाकण उघडून.

"घे. चव घे."

मी एक तुकडा घेतला. पांढऱ्या गराचा जाड थर, वर केशरी कड, साखरेचे खडे. चावला. तेच.

ते माझ्याकडे बघत होते. गिऱ्हाईक आरशासमोर उभं असताना बघायचे तसे, डोळ्यांत नाही, खांद्यांकडे. ट्रायलला आलेला माणूस "छान आहे" म्हणाला की बाबा चिडायचे. "छान काय ते लोक म्हणतील. तुम्ही फक्त कुठे टोचतं ते सांगा." माणसं भिडस्त असतात, पैसे देऊन टोचणारे कपडे घालतात, असं त्यांचं मत होतं.

"कुठे टोचतं?" त्यांनी मला विचारलं.

"कुठेच नाही. छान झालंय."

"नक्की?"

"नक्की, बाबा."

"मागच्या बरण्या आणल्या नाहीस रिकाम्या. काय लोणचं घालतेस का बरण्यांचं?"

"विसरले."

"अकरा वेळा?"

मी हसले. तेही हसले. मग त्यांनी बरणीचं झाकण लावलं, फडक्यात गुंडाळली, गाठ मारली आणि गाठ दोनदा ओढून बघितली. चारच्या बसला मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आले. बस दिसली तेव्हा माझ्या बाहीवरचा एक दोरा तोडला, बोटांनी गोळी करून स्वतःच्या खिशात टाकला. "जा," म्हणाले. "जागा मिळतेय का बघ खिडकीची."

मिळाली. मी बसल्यावर मागे वळून पाहिलं नाही, कारण पिशवीतून पुस्तक काढत होते.

मंगळवारी सकाळी साडेआठला रसवाल्याचा फोन आला. "ताई, शिंपीकाकांचं शटर उघडलं नाही अजून." दुकान बंद असलं तरी बाबा रोज सातला शटर वर करायचे. मागच्या खोलीत राहायचे, पुढे दुकानात बसायचे, आणि रस्त्याला दिसलं पाहिजे की माणूस उठलेला आहे, एवढंच. मी म्हटलं, वाजवून बघा. तो म्हणाला, "वाजवलं, ताई." मिळेल ती बस पकडून मी पोचले, मागच्या दारानं आत गेले, तेव्हा ते खुर्चीत होते. टेप गळ्यात होती. म्हणजे अंघोळ झाली होती.

पुढचे तीन दिवस माणसांचे होते. आली, बसली, गेली. सगळ्यांनी एकच सांगितलं, भाग्यवान, बसल्या बसल्या गेले. मी मान डोलावत राहिले. मान डोलवायला मला चांगलं जमतं.

शुक्रवारी सकाळी मी आणि दादा उरलो. दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, लांब राहतो, वर्षातून एकदा यायचा. जागा भाड्याची, महिनाअखेर रिकामी करून द्यायची होती. दादाची पद्धत म्हणजे कपाट उघडायचं, एकदा बघायचं आणि बोट दाखवायचं: हे ठेव, हे दे, हे टाक. फ्रिज उघडून तो थबकला.

"हे काय आहे?"

खालच्या कप्प्यात दोन पातेली होती. एक मोठं, एक छोटं, दोन्हींवर ताटल्या. मोठ्यात नितळ पाणी आणि त्यात बारीक, जवळजवळ आरपार दिसणाऱ्या पट्ट्या. छोट्यातलं पाणी चहासारखं पिवळं, आणि पट्ट्या जाड. छोट्या पातेल्याच्या कानाला दोऱ्यानं एक बटण बांधलेलं होतं. चार भोकांचं, तपकिरी.

"पट्ट्या आहेत," मी म्हटलं.

"साली आहेत, पाण्यातल्या. ओत बेसिनमध्ये."

"शिजवल्या की पट्ट्या होतात."

"कोण शिजवणार? तू? तुझं पाणी उतू जातं, बाई."

"मी शिजवणार."

दादानं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी टोचरं त्याच्या ओठांवर आलं होतं, ते त्यानं गिळलं. हे त्याच्या बाबतीत क्वचित घडतं. "बरं," म्हणाला. "मला कापडाची कात्री हवी आहे. तुला नको असेल तर."

"ने."

"मला शिवता येत नाही म्हणा."

"मलाही साली शिजवता येत नाहीत."

तो दुपारच्या गाडीनं गेला, मांडीवर डबा धरून. मी किल्ल्या ठेवून घेतल्या. घरात माझ्याखेरीज फ्रिजचा तेवढा आवाज होता.

संध्याकाळी रसवाला आला. हातात दोन पेले. एक माझ्यापुढे ठेवला, एक घेऊन उंबऱ्यावरच बसला. जाडजूड माणूस, बोटं लिंबानं पांढुरकी पडलेली.

"आत या ना."

"नको, इथून दुकान दिसतं." त्यानं एक घुटका घेतला. "चार दिवस झाले, सालींची टोपली तशीच ठेवतोय बघा. फेकायला हात होत नाही. आता कुणाला द्यायच्या?"

मी पेला उचलून एक घोट घेतला.

"आमच्या घरी तर विचारूच नका. पोरांना दुसरा खाऊ चालत नाही. काय पट्ट्या करायचे हो! तोंडात टाकली की विरघळली. कडूपणाचा मागमूस नाही."

मी पेला खाली ठेवला. "कडू नाहीत?"

"कडू? अहो, तीन पाण्यांतून काढलेल्या! पहिली खेप झाली होती कडू. ती मला दिली आणि समोर उभे राहिले. मी त्यांच्यासमोरच थुंकलो, ताई, खोटं का सांगू? म्हटलं, शिंपीकाका, हा खाऊ आहे की सजा? असे हसले, असे हसले, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मग माझ्या बायकोनं सांगितलं, पाणी तीनदा उकळून फेकायचं आणि आतलं पांढरं खरवडून काढायचं. तेव्हापासून बिघडली नाही एकदाही. पाच वर्षं झाली की."

"पाच वर्षं," मी म्हटलं.

"का? तुमच्याकडे तर दर महिन्याला बरणी यायची."

"हो. यायची."

तो गेल्यावर मी फ्रिज उघडून छोट्या पातेल्यापुढे बसले. एका पट्टीवरचं पाणी झटकलं आणि जिभेला लावलं. मग मोठ्या पातेल्यातली लावली. मोठ्यातली नुसती संत्र्याच्या वासाची होती, निरागस. छोट्यातल्या पट्टीनं जीभ आत ओढली. आणि ते बटण होतं कानाला बांधलेलं. या गल्लीत बटण नावाचं दुसरं कुणी नव्हतं.

मग मला मापवही आठवली.

बाबांची मापवही लांबुळकी, लाल कापडात त्यांनी स्वतः बांधलेली. माणसांची नावं ते लिहीत नसत, ओळख लिहीत. "उजवा खांदा खाली." "घाईवाले." "पोट वाढणार." प्रत्येकाचं एक पान, त्यावर मापं, खाली ट्रायलची तारीख आणि गिऱ्हाईक काय म्हणालं ते. माझं पान शेवटून तिसरं. वर "बटण", आणि खाली वय वर्षं चारपासूनची मापं, प्रत्येक वेळी वेगळ्या शाईची. उंची. छाती. बाही. जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन शब्द: माया ठेवणे.

माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. वरून दिसत नाही. अंग भरलं, उंची वाढली की शिवण उसवायची, माया सोडायची, कपडा पुन्हा होतो. बाबांचं कापड वाचवण्याचं वेड सगळ्या गल्लीला माहीत होतं, पण मायेत ते कधी काटकसर करत नसत. शाळेचा माझा गणवेश पाचवीत शिवला तो आठवीपर्यंत गेला. खालच्या कडेला दरवर्षी एक नवी, न विटलेली, गडद निळी रेघ उघडी पडायची. मला तिची लाज वाटायची. मैत्रिणी वर्षं मोजायच्या त्यावर, झाडाची मोजतात तशी.

कपड्यांची शेवटची नोंद माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवसाच्या कोटाची. त्याखाली एक रेघ. रेघेखाली थरथरत्या अक्षरात:

"पट्ट्या. हिच्यासाठी वेगळ्या करणे. पाणी फेकू नये. पांढरं खरवडू नये, माया ठेवणे. कडू आवडते."

एकदा घेतलेलं माप ते गिऱ्हाइकानं सांगितल्याशिवाय बदलत नसत. सगळ्या गल्लीसाठी त्यांनी चूक दुरुस्त केली. माझ्यासाठी तीच चूक, मुंढ्यात गेलेल्या ओळीसकट, पाच वर्षं जशीच्या तशी जपली. वेगळं पातेलं, वेगळं पाणी, वेगळी आच. थरथरत्या हातांना दुप्पट काम.

खाली तारखा होत्या. सगळे पहिले रविवार. प्रत्येकापुढे तेच दोन शब्द.

छान म्हणाली.
छान म्हणाली.
छान म्हणाली.

पानामागे पान. माझंच वाक्य, त्यांच्या अक्षरात, साठ वेळा. मुद्रितं वाचताना एखादा शब्द पुन्हा पुन्हा आला की त्याचा अर्थ निघून जातो, नुसता आकार उरतो. तसं ते व्हायला हवं होतं. झालं नाही. मी प्रत्येक ओळ वाचली. सवयच तशी आहे, मला ओळ गाळता येत नाही.

शेवटची ओळ त्या रविवारची. मी बसमध्ये खिडकीशी बसून पुस्तक वाचत होते तेव्हा लिहिलेली असणार.

"छान म्हणाली. बरण्या येत नाहीत. पुढच्या वेळी पुन्हा विचारणे."

"विचारणे" हा त्यांचा नेहमीचा शब्द. खांद्याला चुणी येते, माणूस सांगत नाही: विचारणे. कंबर सैल मागतो, कारण कळत नाही: विचारणे. मी समासात प्रश्नचिन्ह करते, ते विचारणे लिहायचे. दोघांचा धंदा एकच होता म्हणायचा. फक्त मी त्यांच्या समासात कधी काही लिहिलं नाही.

शनिवारी मी दोन्ही पातेली गॅसवर चढवली.

मोठ्यातलं पाणी फेकलं, नवं घातलं, उकळी आणली, फेकलं. बाबांनी आधीच किती वेळा पाणी काढलं होतं कुणास ठाऊक, म्हणून आणखी एकदा. छोट्यातलं पाणी ठेवलं. साली आणि साखर समान वजनानं, हे त्या कागदी बाहीवर शाबूत होतं. खुंटीवर ती अजून होती, टोकाला बोटांचे तेलकट डाग. पाक होईपर्यंत ढवळायचं, मग ढवळायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मी ढवळत राहिले, तर कडेला साखरेचे दाणे धरायला लागले, तेव्हा कळलं. आच कमी केली. स्टूल ओढून बसले. पट्ट्या आधी मलूल झाल्या, मग पांढऱ्याच्या दुधी झाल्या, आणि तासाभरानं त्यांच्यातून पातेल्याचा तळ दिसायला लागला. छोट्यातल्या जाड पट्ट्यांना जास्त वेळ लागला. खोलीभर संत्र्याचा वास आणि छोट्या पातेल्यावरून येणारी ती दुसरी, औषधी, नाकाच्या मुळाशी बसणारी वाफ. ही वाफ ते दर महिन्याला घ्यायचे आणि मनात म्हणायचे, तिला आवडतं.

एकदा पाणी उतू गेलं. दादाचं बरोबर होतं.

वाळवण्यासाठी बाबांनी जुन्या पडद्याची जाळी भरतकामाच्या गोल चौकटीत ताणून बसवली होती. अशा दोन चौकटी. एकीवर मोठ्या पातेल्यातल्या पट्ट्या मांडल्या, एकमेकींना न चिकटवता; दुसरीवर माझ्या. दुसरीच्या कडेलाही एक बटण शिवलेलं होतं. चौकटी बेतायच्या टेबलावर ठेवल्या आणि रात्रभर तशाच सोडल्या.

रविवारी सकाळी सातला मी शटर वर केलं. समोर रसवाला दुकान झाडत होता. त्यानं झाडू थांबवला, हात वर केला, पुन्हा झाडायला लागला. त्याच्या पायाशी टोपली होती, पाच दिवसांच्या सालींनी भरून वाहणारी. मी हाक मारून सांगितलं, टोपली इकडे द्या.

"तुम्ही?" तो म्हणाला. "शहाण्या असाल तर दोनच दिवसांच्या घ्या. खालच्यांना बुरशी आली असेल."

"वरच्या द्या."

"आणि नंतर? बस पकडून जाल तेव्हा?"

"पिशवीत घालून नेईन. दर महिन्याला येईन न्यायला."

"जागा तर सोडताय."

"तुमच्या उंबऱ्यावर बसेन."

त्याला हसू आलं, आणि मग आलेलं हसू कुठे ठेवावं ते कळेना. त्यानं खाली वाकून साली निवडायला घेतल्या.

मी आत आले. पट्ट्या वरून कोरड्या झाल्या होत्या, बोटाला जेमतेम चिकटत होत्या. दोन्ही वेगवेगळ्या साखरेत घोळवल्या. मोठ्या पातेल्यातल्या चार बरण्या झाल्या: एक रसवाल्याची, एक दादाची, दोन बघू. माझी एक झाली. तिला फडकं गुंडाळलं नाही. झाकणही लावलं नाही.

टेबलापलीकडे त्यांची खुर्ची होती. पाठीवर टेप, मंगळवारी कुणीतरी काढून अडकवलेली असणार. मी समोर उभी राहिले, गिऱ्हाईक उभं राहायचं त्या जागी. तिथली फरशी इतक्या वर्षांच्या ट्रायलींनी झिजून गुळगुळीत झाली आहे. बरणीतून एक पट्टी घेतली. पूर्वी मी पहिला घास पटकन गिळायचे, पाण्याबरोबर. या वेळी चावली. पुन्हा चावली. कडूपणा आधी जिभेच्या कडांना आला, मग टाळ्याला, मग कानांपाशी. साखर केव्हाच संपली आणि तो राहिला. मी गिळलं. दुसरी घेतली. तीही पूर्ण खाल्ली.

बाहेर रसवाल्याच्या यंत्राचा पहिला घरघराट सुरू झाला.

"बाबा," मी म्हटलं. माणसं होती ते तीन दिवस मी नुसती मान हलवली होती. मग मोठ्यानं म्हटलं, टेबलापलीकडे ऐकू जाईल असं.

"बाबा, कडू आहेत. पहिल्यापासून कडू होत्या. अकरा बरण्या घरी पडून आहेत माझ्या, आणि त्याआधीच्या मी टाकून दिल्या. तुम्ही बोलत राहावं म्हणून मी छान म्हणाले. मला कडू नाही आवडत, बाबा."